मुलाची पोटगी: नागपूरच्या एका अर्जाची सात वर्षं

2020 साली शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाइलवर भरत होते. त्या दिवसांत सर्वोच्च न्यायालयापुढे एका आईच्या वतीने सांगण्यात आलं की मुलाची 2020-21 या वर्षाची प्रवेश फी अजून भरलेली नाही, आणि ती वेळेत भरली गेली नाही तर शाळा ऑनलाइन वर्गाची लिंक पाठवणं बंद करील. मुलगा तेव्हा साडेसात वर्षांचा होता. त्याच्यासाठी महिना 10,000 रुपयांची अंतरिम पोटगी ठरली होती ती तो अडीच वर्षांचा असताना. मधल्या काळात त्याची शाळा सुरू झाली, पुस्तकं आली, गणवेश दर वर्षी आखूड पडू लागला. आदेशातला आकडा मात्र 2015 चाच होता.

हे प्रकरण नागपूरचं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 4 नोव्हेंबर 2020 चा, फौजदारी अपील क्रमांक 730/2020. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने तो दिला. आज देशातल्या कुठल्याही कौटुंबिक न्यायालयात पोटगीचा अर्ज निघाला की वकील हा निकाल पुढे करतात. नवरा-बायकोची नावं निकालपत्रावर आहेतच. इथे ती घेत नाही, कारण या गोष्टीतलं मूल अजून शाळेत जाण्याच्या वयाचं आहे. या निकालाची चर्चा बहुतेक वेळा वकिलांच्या सोयीने होते: कोणतं शपथपत्र, किती मुदत, कोणता परिच्छेद. मला तो त्या मुलाच्या बाजूने वाचायचा आहे. त्या बाजूने वाचला की एक गोष्ट ठळक दिसते. मुलाचं नुकसान पोटगीची रक्कम कमी ठरल्याने होतं, त्याहून जास्त ती उशिरा ठरल्याने आणि ठरल्यावरही हातात न पडल्याने होतं.

काय घडलं

मुलाच्या जन्मानंतर थोड्याच काळात, जानेवारी 2013 मध्ये, पत्नीने सासर सोडलं. 2 सप्टेंबर 2013 रोजी तिने स्वतःसाठी आणि मुलासाठी नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली होता. पत्नी, मुलं, आई-वडील यांच्यावर उपासमारीची वेळ येऊ नये म्हणून झटपट दाद मिळावी, यासाठीच हे कलम आहे. धर्म कोणताही असो, ते सगळ्यांना लागू होतं, आणि घटस्फोटाचा दावा चालू असावाच लागतो असंही नाही.

मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत घर चालावं म्हणून अंतरिम पोटगी मागता येते. या अंतरिम अर्जाचा निकाल शक्यतो नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत लावावा, असं 2001 पासून कायद्यातच लिहिलेलं आहे. नागपुरात अंतरिम आदेश झाला 24 ऑगस्ट 2015 रोजी, म्हणजे अर्जानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. पत्नीला 1 सप्टेंबर 2013 पासून महिना 15,000. मुलाला 1 सप्टेंबर 2013 ते 31 ऑगस्ट 2015 पर्यंत महिना 5,000 आणि 1 सप्टेंबर 2015 पासून पुढील आदेशापर्यंत महिना 10,000.

मुलाच्या वाट्याचा हिशेब मांडून बघा. पहिली दोन वर्षं दिवसाला साधारण 166 रुपये, नंतर 333. यात दूध, औषधपाणी, कपडे, पुढे शाळा आणि शाळेत जाण्यायेण्याचा खर्च, सगळं आलं. पहिल्या दोन वर्षांची रक्कम तर आदेश होईपर्यंत फक्त मागणी होती. तान्ह्या बाळाचे लसीकरणाचे, तापाचे, दुधाचे दिवस कागदावर पोटगीचा आदेश नसतानाच गेले.

पतीने या आदेशाला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आव्हान दिलं. ती याचिका फेटाळायला 14 ऑगस्ट 2018 उजाडला. तिथून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. लक्षात घ्या, इथवर जे काही चाललं होतं ते अंतरिम पोटगीवर. कलम 125 चा मूळ अर्ज नागपुरात तसाच पडून होता.

"माझ्याकडे काही नाही"

सर्वोच्च न्यायालयाने सुरुवातीला फार बोलणं न करता दोन गोष्टी केल्या. 11 सप्टेंबर 2019 च्या आदेशाने थकबाकीपोटी दोन लाख रुपये भरायला सांगितलं, आणि 2005-06 पासून आजपर्यंतची आयकर विवरणपत्रं व पासपोर्टची प्रत मागितली. महिन्याभराने, 14 ऑक्टोबर 2019 रोजी, न्यायालयाला नोंदवावं लागलं की थकबाकीचा काही भागच भरला गेला आहे. उरलेली रक्कम भरायला 30 नोव्हेंबर 2019 ही शेवटची संधी दिली गेली, नाहीतर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होईल असं बजावलं गेलं. पुढे समेटाचाही प्रयत्न झाला. तो जमला नाही.

पतीचं म्हणणं थोडक्यात असं होतं: मी बेरोजगार आहे, माझ्या नावावर स्थावर मालमत्ता नाही, चालू असलेलं बँक खातं एकच आहे, वडिलांकडून उसने पैसे घ्यावे लागले आहेत, नव्या व्यवसायाच्या शोधात आहे. आणि एक तक्रार: 2013 सालची पोटगी ठरवताना कौटुंबिक न्यायालयाने 2006 सालच्या विवरणपत्रांवर भर दिला, हे चूक आहे.

ही तक्रार मला झटकून टाकावीशी वाटत नाही. सात वर्षं जुन्या उत्पन्नावर आजची ऐपत मोजणं बरोबर नव्हेच. नोकरी जाते, धंदा बसतो, आणि अशा वेळी बापाची खरोखर ओढाताण होते. 2020 साली तर ती घरोघरी झाली. पण मग नवे कागद कुणाकडे होते? बायकोकडे नवऱ्याचं पगारपत्रक, खातेउतारा, कर्जाचे कागद नसतात. ती घर सोडून बाहेर पडलेली असते तेव्हा तर तिच्या हाती लग्नाच्या वेळी ऐकलेला एक आकडा आणि एखादा जुना कागद एवढंच असतं. जी गोष्ट एखाद्याच्या खास माहितीतली आहे ती सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच, असं जुन्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम 106 सांगत होतं. ज्याच्याकडे ताजे कागद आहेत त्यानेच ते पुढे केले नाहीत, तर न्यायालय जुन्याच कागदाकडे बघणार.

"नोकरी नाही" या बचावाबद्दल न्यायालयांची भूमिका जुनी आणि पक्की आहे. धडधाकट, शिकलेला माणूस कमावू शकतो असं गृहीत धरलं जातं. कमावता येत नाही याची खरी कारणं असतील, आजारपण असेल, अपंगत्व असेल, तर ती त्याने दाखवायची. नोकरी सोडली म्हणून मूल जेवायचं थांबत नाही. पोटगीच्या अर्जाची नोटीस हाती पडली की अचानक राजीनामे पडतात, पगार "हातात" मिळू लागतो, गाडी भावाच्या नावावर निघते, हे कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात बसणाऱ्या कुणालाही नवीन नाही. उलट बाजूनेही आकडे फुगवले जातात. बायकोच्या अर्जात नवऱ्याचं उत्पन्न तिप्पट आणि नवऱ्याच्या उत्तरात पाचपट कमी, आणि मग वर्षानुवर्षं त्या दोन खोट्यांच्या मधला आकडा अंदाजाने काढायचा. न्यायाधीशांवर ही वेळ रोज येते.

शपथपत्र

या प्रकरणाच्या निमित्ताने खंडपीठाने ठरवलं की एका जोडप्यापुरता निकाल देऊन थांबायचं नाही. ज्येष्ठ वकील अनिता शेणॉय आणि गोपाल शंकरनारायणन यांना न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारे तटस्थ वकील, नेमलं, आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणामार्फत राज्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांची मतं मागवली. त्यातून जी मार्गदर्शक तत्त्वं आली त्यांचा कणा म्हणजे मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात, चालू असलेल्या जुन्या प्रकरणांतही, दोन्ही बाजूंनी ते द्यायचं.

निकालाला त्याचे तीन नमुने जोडले आहेत. एक सर्वसाधारण, एक शेतीवर जगणाऱ्यांसाठी, आणि एक खास मेघालयासाठी, कारण तिथे मातृवंशीय समाजात मालमत्तेची रीतच वेगळी. महाराष्ट्रात हा शेतीचा नमुना फार उपयोगी आहे. सातबाऱ्यावर नाव आहे पण वाटणी झालेली नाही, ऊस कारखान्याला आजोबांच्या नावाने जातो, ट्रॅक्टरचं कर्ज दोन भावांच्या नावावर आहे, अशा घरांत "उत्पन्न किती" या साध्या प्रश्नाचं उत्तर पगारपत्रकात सापडत नाही.

सर्वसाधारण नमुना वाचला तर तो किती खोलात जातो ते कळतं. घरखर्च, भाडं, प्रवास, औषधं. अवलंबून असलेली माणसं. दोघांमधली आधीची कोर्टाची प्रकरणं. पगार, धंद्याचं उत्पन्न, बँक खाती, ठेवी, म्युच्युअल फंड, शेअर. स्वकष्टाची आणि वडिलोपार्जित मालमत्ता. दागिने. घेतलेली आणि दिलेली कर्जं. परदेशात असाल तर तिथलं उत्पन्न आणि खर्च. आणि दुसऱ्या बाजूच्या उत्पन्नाबद्दल तुम्हाला काय माहिती आहे, हेही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग मुलांचा आहे. मुलं कुणाकडे राहतात, त्यांच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा खर्च किती, तो कोण करतंय, दुसरा पालक आपणहून काही देतो का, हे तिथे स्वतंत्र लिहावं लागतं. अर्जाच्या मुद्द्यांत मूल बरेचदा "एक अपत्य" एवढ्या दोन शब्दांत आटपलेलं असतं. शपथपत्रात त्याची फी, रिक्षा, वह्या, दवाखाना असा वेगळा हिशेब उभा राहतो. नागपूरच्या त्या आईकडे 2013 मध्ये असा रकाना नव्हता. सात वर्षांनंतर तिला ऑनलाइन वर्गाच्या लिंकची गोष्ट देशातल्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन तोंडी मांडावी लागली.

मुदतीही स्पष्ट आहेत. अर्जदाराने अर्जासोबतच शपथपत्र द्यायचं. समोरच्याने उत्तर आणि शपथपत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत. त्यासाठी दोनहून जास्त संधी साधारणपणे द्यायच्या नाहीत. मुद्दाम, हेकटपणे टाळाटाळ होत असेल तर बचावच काढून टाकता येतो, किंवा अर्जदाराच्या कागदांवर निकाल देता येतो. शपथपत्रं दाखल झाल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम पोटगी ठरवायची. खोटी माहिती दिली तर खोट्या साक्षीची कारवाई.

चार ते सहा महिने ही मुदत ऐकून काही जण नाराज होतात. कायदा 60 दिवस म्हणतो, मग न्यायालय सहा महिने कसे देतं? नाराजी रास्त आहे. पण दोन वर्षांचा अनुभव समोर असताना, पाळता येईल अशी मुदत आणि न पाळणाऱ्यावर ठोस परिणाम, हे मला पुस्तकात राहिलेल्या 60 दिवसांपेक्षा बरं वाटतं.

कोणत्या तारखेपासून

या निकालाने मिटवलेला आणखी एक वाद दिसायला किरकोळ आहे, पण घराच्या हिशेबात त्याची किंमत मोठी. पोटगी सुरू कधीपासून धरायची? देशात तीन रीती चालत होत्या. काही न्यायालयं अर्जाच्या तारखेपासून देत, काही आदेशाच्या तारखेपासून, काही समन्स बजावल्यापासून. आदेशाच्या तारखेपासून द्यायची म्हटलं तर प्रत्येक तहकुबी देणाऱ्याच्या फायद्याची ठरते. वकील आजारी, कागद आणायचे राहिले, पत्त्यावर कुणी सापडलं नाही. प्रत्येक तारखेला एका महिन्याची पोटगी आपोआप माफ.

सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं: अर्जाच्या तारखेपासून. नागपूरच्या न्यायालयाने मुळात तसंच केलं होतं, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. आदेश ऑगस्ट 2015 चा, पण रक्कम सप्टेंबर 2013 पासूनची. तो आदेशाच्या दिवसापासून लागू झाला असता तर मुलाचे 24 महिन्यांचे 1,20,000 आणि आईचे 3,60,000 रुपये हिशेबातूनच पुसले गेले असते.

याचा अर्थ, अर्ज दाखल करण्यात घालवलेला वेळ परत मिळत नाही. "बैठक बसवू", "मामा बोलतील", "दिवाळीनंतर बघू" यात वर्ष जातं आणि त्या वर्षाची पोटगी सहसा मिळत नाही. समेटाची बोलणी अर्ज दाखल करूनही चालू ठेवता येतात, आणि कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक त्यासाठीच असतात. प्रत्येक कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक उपलब्ध असावेत, हेही या निकालात आहे.

मुलासाठी किती, आणि कुणी

रक्कम ठरवायचं तयार सूत्र न्यायालयाने दिलेलं नाही, आणि ते बरंच झालं. दोघांची सामाजिक स्थिती, गरजा, शिक्षण, नोकरी, देणाऱ्याची खरी मिळकत आणि त्याच्यावर अवलंबून असलेली इतर माणसं, हे सगळं बघायचं. पोटगी इतकी जास्त नसावी की देणारा मोडून पडेल, आणि इतकी कमीही नसावी की घेणाऱ्याची परवड होईल.

मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार, शिक्षण. शिकवणी किंवा एखादा जादाचा वर्गही धरता येतो, पण वाजवी प्रमाणात. शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करायचा, आणि आई पुरेसं कमावत असेल तर दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटायचा, असं निकाल सांगतो. हा "प्रमाणात" शब्द फार महत्त्वाचा आहे. आई नोकरी करते म्हटलं की लगेच "मग निम्मं-निम्मं" असा सूर लागतो. समजा वडिलांना महिना 60,000 मिळतात आणि आईला 20,000. शाळेची वर्षाची फी 40,000. निम्मं केलं तर आईचा पूर्ण महिन्याचा पगार फीत गेला आणि वडिलांचा एक तृतीयांश. प्रमाणात केलं तर वडिलांचे 30,000, आईचे 10,000. शिवाय मूल आईकडे राहत असेल तर रोजचा स्वयंपाक, आजारपणातलं जागरण, शाळेच्या मीटिंगसाठी घेतलेली रजा हे तिच्या वाट्याला आलेलं असतंच, आणि ते कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती घराघरांत उलटी समजली जाते. मुलाची पोटगी आणि मुलाची भेट यांची अदलाबदल होत नाही. "भेटू देत नाही म्हणून पैसे देत नाही" हे चालत नाही, आणि "पैसे देत नाही म्हणून भेटू देणार नाही" हेही नाही. ताबा आणि भेटीचा प्रश्न मुलाचं हित बघून स्वतंत्रपणे सुटतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ असावं, पण शेवटचा निकष मुलाचं हित हाच. भेटीचा आदेश मोडला जात असेल तर बापाने त्याच न्यायालयात तो अंमलात आणून घ्यावा. पोटगी थांबवून मूल त्याच्या जवळ येत नाही. मुलाला फक्त एवढंच दिसतं की बाबांनी फी भरली नाही.

आदेश हातात, पैसे नाहीत

नागपूर प्रकरणात सगळ्यात क्लेशदायक भाग हाच आहे. आदेश होता. उच्च न्यायालयानेही तो कायम केला होता. तरी सर्वोच्च न्यायालयाला अवमानाचा धाक दाखवून थकबाकी वसूल करावी लागत होती. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेल्या बाईची ही गत, मग हिंगोली-गडचिरोलीतल्या एखाद्या बाईने दर महिन्याच्या 3,000 साठी किती तारखा करायच्या?

निकालाने वसुलीचे रस्ते एकत्र मांडले. पोटगीचा आदेश पैशाच्या हुकूमनाम्यासारखा दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, करून वसूल करता येतो. जप्ती येते, दिवाणी तुरुंगवासही येतो. कलम 125 च्या आदेशासाठी वसुलीचं वॉरंट निघतं, आणि त्यानंतरही रक्कम न आल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगून ठेवलेलं आहे.

यात एक फार टोचणारी अट आहे. असं वॉरंट मागण्याचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. "साचू दे, एकदम मागू" असं म्हणत थांबणाऱ्या बायका इथे फसतात. दोन-तीन हप्ते थकले की वसुलीचा अर्ज टाकून ठेवावा. खात्यात कधी किती आलं याची बँकेची नोंद ठेवावी. रोख घेतलं असेल तर वहीत तारीख लिहावी. पैसे देणाऱ्या बापालाही हेच सांगणं आहे: रोख देऊ नका, मुलाच्या शाळेत परस्पर फी भरलीत तरी पावती जपा. खरोखर देत असलेल्या माणसाला पुढे "मी दिले" हे सिद्ध करता आलं नाही की त्याच्यावरही अन्याय होतो.

एका कायद्याखाली पोटगी मिळत असताना दुसऱ्याखाली, समजा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, मागायला बंदी नाही. मात्र आधीचा आदेश उघड करावा लागतो आणि नंतरच्या न्यायालयाने ती रक्कम विचारात घ्यायची असते.

मुलाला शेवटी काय मिळालं

सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या 15,000 आणि मुलाच्या 10,000 रुपयांचा आदेश कायम केला. महिना 15,000 प्रमाणे राहिलेली सगळी थकबाकी 12 आठवड्यांत भरायला आणि मूळ अर्ज चालू असेतो आदेश पाळत राहायला पतीला सांगितलं. भरली नाही तर वसुलीचे सगळे मार्ग पत्नीला मोकळे. आणि नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने कलम 125 चा मूळ अर्ज सहा महिन्यांत निकाली काढावा.

पण साडेसात वर्षांच्या मुलाला 2015 ची रक्कम पुरत नाही, हा जो मुद्दा आईने मांडला होता त्याचं काय? न्यायालय म्हणालं, हे अपील पतीने केलेलं आहे, त्यात आम्ही रक्कम वाढवून देऊ शकत नाही. वाढीसाठी पत्नीने कौटुंबिक न्यायालयात जावं. कायद्याने ते बरोबरच आहे. अपील करणाऱ्याला त्याच्याच अपिलात जास्तीचा भुर्दंड घालता येत नाही. तरी वाचताना जीव तुटतो. देशभरातल्या मुलांसाठी वाट आखून देणाऱ्या निकालात, ज्याच्या निमित्ताने ती आखली गेली त्या मुलाला वाढीव फीसाठी पुन्हा नागपूरच्या न्यायालयात पहिल्यापासून अर्ज करायचा होता.

यातून शिकायचं ते असं की, आईने नवऱ्याच्या अपिलाची वाट बघत बसू नये. वरच्या न्यायालयात स्थगिती नसेल तर खालच्या न्यायालयात परिस्थिती बदलल्याचं दाखवून वाढ मागता येते. मूल बालवाडीतून पहिलीत जाणं, मोठं आजारपण, शाळा बदलणं हे सगळे बदलच आहेत. मूळ आदेश मागतानाच दर वर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढ मागून घेतलेली सगळ्यात चांगली. मुलाच्या पोटगीत ही वाढ आदेशातच असावी, असं माझं ठाम मत आहे. 2015 मध्ये तसं झालं असतं तर 2020 मधली ती विनवणी कदाचित करावी लागली नसती.

त्यानंतर

निकालाची प्रत सगळ्या उच्च न्यायालयांना आणि तिथून जिल्हा न्यायालयांना पाठवायचे, ती संकेतस्थळांवर लावायचे आदेश झाले होते. तरीही 6 नोव्हेंबर 2023 रोजी, मध्य प्रदेशातल्या एका लहान मुलीच्या पोटगीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयालाच नोंदवावं लागलं की शपथपत्रांची पद्धत सर्वत्र पाळली जात नाही. प्रत पुन्हा एकदा सगळीकडे फिरवायला सांगितलं गेलं. त्या मुलीची रक्कम उच्च न्यायालयाने 20,000 वरून 7,500 केली होती, कारणं नीट न देता.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं कलम 125 आता 144 आहे. रकमेत बदल मागायचं 127 आता 146, आणि वसुलीचं 128 आता 147. निकालातली तत्त्वं तशीच लागू आहेत. अर्ज आई आणि मूल जिथे राहतात त्या ठिकाणी करता येतो, नवऱ्याच्या गावाला जावं लागत नाही. वकील परवडत नसेल तर स्त्रिया आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. जाताना मुलाचा जन्मदाखला, शाळेच्या आणि दवाखान्याच्या पावत्या, स्वतःचा खातेउतारा आणि नवऱ्याच्या कमाईचा जो कागद हाती असेल तो न्यावा, आणि शपथपत्र पहिल्याच दिवशी अर्जाला जोडायला सांगावं.